घाटातले बारा सेकंद

पौष पौर्णिमा आली की आंबेगाव तालुक्यातील नागापूरच्या थापलिंग गडावर खंडोबाची यात्रा भरते आणि तिथल्या घाटात बैलगाडे पळतात. तिथून पुढे वैशाखापर्यंत जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत यात्रांचा हंगाम असतो. पालखी, कुस्त्यांचा आखाडा आणि बैलगाडा शर्यत यांवाचून इथली यात्रा पुरी झाली असे कोणी म्हणत नाही. मंचर, घोडेगाव, नारायणगाव, ओतूर या बाजूला राहणाऱ्या वाचकांना हे सांगायला नको. पण विदर्भातल्या किंवा कोकणातल्या वाचकांसाठी दोन शब्द सांगितले पाहिजेत.

इथे ‘घाट’ म्हणजे डोंगरातला रस्ता नव्हे. शर्यतीसाठी राखलेली सरळ, किंचित चढाची धावपट्टी म्हणजे घाट. गाडा लाकडी आणि अगदी हलका असतो. त्याला एक बैलजोडी जोडलेली, तिच्यापुढे दुसरी जोडी आणि सर्वांच्या पुढे स्वार बसलेली घोडी. सातारा-सांगलीकडे सपाट माळावर अनेक गाड्या एकदम सुटतात. इथे तसे नाही. एका वेळी एकच गाडा पळतो, त्या धावेला ‘बारी’ म्हणतात, आणि त्याचा प्रतिस्पर्धी असते घड्याळ. ‘भिर्रर्र’ अशी आरोळी उठते, धुरळा उडतो आणि तुम्ही मान वळवीपर्यंत बारी संपलेली असते. चांगल्या गाड्याला अकरा, बारा, तेरा सेकंद लागतात, बस्स. या बारा सेकंदांसाठी शेतकरी वर्षभर बैलाला खुराक देतो आणि पोराच्या वाढदिवसासारखी त्याची कौतुके करतो.

हा खेळ काही वर्षे बंद होता, हे तुमच्या कानावर असेल. ११ जुलै २०११ रोजी केंद्र सरकारने, ज्या प्राण्यांचे खेळ करता येत नाहीत अशांच्या यादीत बैलाचे नाव घातले. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील जल्लीकट्टू आणि महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यती या दोन्हींवर बंदी आणली. महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती करून वाट मोकळी केली, पण त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी देण्यास मनाई केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली. लगेच १ जानेवारी २०२२ रोजी आंबेगाव तालुक्यात लांडेवाडीला ठरलेली शर्यत कोविडच्या निर्बंधांमुळे आयत्या वेळी रद्द झाली, ही गोष्ट वेगळी! अखेर १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तीन राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या.

आता यात विज्ञानाचा संबंध कोठे येतो? तो २०१४ च्या निकालातच आहे. बैल हा ओझे ओढणारा प्राणी आहे, त्याचा देह पिंपासारखा, सांधे कमी वाकणारे. घोड्यासारखे धावणे हे त्याच्या शरीररचनेत नाही, असे कारण त्या निकालात दिले होते. पुढे महाराष्ट्र सरकारने बैलांच्या धावण्याच्या क्षमतेविषयी अहवाल तयार करून घेतला आणि तो न्यायालयापुढे मांडला. म्हणजे घाट चालू राहणार की नाही हा प्रश्न भावनेवर जितका अवलंबून आहे तितकाच स्नायू, हाडे, श्वास आणि भीती यांच्या शास्त्रावरही आहे. तेव्हा आपण वकिलांना जरा बाजूला बसवू आणि वही-पेन्सिल घेऊ.

आधी घड्याळ

बक्षिसे सेकंदांवर वाटली जातात. ठरलेल्या सेकंदात आलेले गाडे पहिल्या क्रमांकात, त्यानंतरच्या सेकंदात आलेले दुसऱ्यात, अशी पद्धत. मग ११.९ आणि १२.१ यांतला फरक म्हणजे मोठाच झगडा! समजा घाट १२० मीटर लांब आहे आणि गाड्याला १२ सेकंद लागले. सरासरी वेग सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर. या वेगाने सेकंदाच्या दहाव्या भागात गाडा एक मीटर पुढे जातो. माणसाने काही पाहिल्यापासून बोट दाबेपर्यंत सुमारे दोन दशांश सेकंद जातात. तेवढ्यात अख्ख्या बैलाच्या लांबीइतके अंतर कापून होते.

आणखी एक गंमत पाहा. घड्याळवाला घाटाच्या वरच्या टोकाला उभा आहे आणि खालून आलेली आरोळी ऐकून त्याने बटण दाबले, तर काय होईल? हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. १२० मीटर यायला त्याला एक तृतीयांश सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो. घड्याळ उशिरा सुरू झाले, म्हणजे गाड्याला वेळ कमी लागल्याचे दिसेल. म्हणून निशाणाकडे पाहून घड्याळ सुरू करायचे. प्रकाशाला हे अंतर म्हणजे काहीच नाही. निशाण लाल असले तर ते घड्याळवाल्यासाठी, बैलासाठी नव्हे. बैलाला तांबडा रंग आपल्यासारखा दिसतच नाही. त्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात. आता अनेक घाटांत प्रकाशकिरण तुटताच थांबणारी विद्युत घड्याळे आली आहेत आणि भांडणे बरीच कमी झाली आहेत. (याच जुन्नर तालुक्यात खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना असलेली प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. तिथे वेळेचा मेळ अणुघड्याळावर घालावा लागतो. वेळ मोजण्याची हौस या तालुक्याच्या पाण्यातच असावी!)

वेगाच्या बातम्या वाचतानाही सावध राहा. फेब्रुवारी २०२० मध्ये कर्नाटकातील कंबळा शर्यतीत श्रीनिवास गौडा हा तरुण रेड्यांबरोबर १४२.५ मीटर अंतर १३.६२ सेकंदांत धावला. त्रैराशिक मांडून कोणी काढले की शंभर मीटर ९.५५ सेकंदांत, म्हणजे उसेन बोल्टच्याही पुढे! गणित बरोबर होते, तुलना चूक होती. बोल्टला कोणी पुढे ओढत नव्हते. शिवाय थांबलेल्या स्थितीतून वेग घ्यायला लागणारा वेळ छोट्या अंतरात जास्त भाव खातो, म्हणून लांब अंतराच्या सरासरीवरून छोट्या अंतराचा वेळ काढणे हे मुळातच कच्चे. आपल्या घाटांनाही हेच लागू आहे. दोन घाटांची लांबी आणि चढ वेगळा असेल, तर एका घाटातले अकरा सेकंद आणि दुसऱ्या घाटातले बारा सेकंद यांची तुलना करता येत नाही, मग ध्वनिक्षेपकावरून कोणी काहीही ओरडो.

बैल किती अश्वशक्तीचा?

आता मुख्य हिशेब. समजा प्रत्येक बैल ४५० किलोचा आहे. चार बैल म्हणजे १,८०० किलो. गाडा हलका आहे, घोडी वेगळी आहे, दोन्ही सोडून देऊ. घाटाचा चढ एकंदर ५ मीटर धरू.

सेकंदाला १० मीटर वेगाने जाणाऱ्या १,८०० किलो वस्तुमानाची गतिज ऊर्जा किती? अर्धे गुणिले १,८०० गुणिले १००, म्हणजे ९०,००० ज्यूल. आणि तेच वस्तुमान ५ मीटर वर चढवायला १,८०० गुणिले १० गुणिले ५, म्हणजे पुन्हा ९०,००० ज्यूल. एकूण १,८०,००० ज्यूल, तेही १२ सेकंदांत. भागाकार करा: सेकंदाला १५,००० ज्यूल, म्हणजे १५ किलोवॅट. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. तेव्हा चौघांचे मिळून सुमारे २० आणि एका बैलाचे ५ अश्वशक्ती! हा अंदाज कमीच आहे. गाडा थांबलेल्या स्थितीतून सुटतो, म्हणून मधला वेग सरासरीहून जास्त असतो.

नांगराला जुंपलेला बैल दिवसभर काम करताना सुमारे अर्धा अश्वशक्ती देतो. म्हणजे घाटात तो नेहमीच्या दहापट जोर लावतो. हे कसे जमते? तुम्ही शंभर मीटर धावता तेव्हा जसे जमते तसेच. स्नायूंत ऊर्जेची थोडी शिल्लक तयार असते, ती पहिल्या काही सेकंदांत संपते. नंतर ग्लायकोजेन ही साठवलेली शर्करा ऑक्सिजनशिवाय मोडली जाते आणि लॅक्टिक आम्ल साठू लागते. फुप्फुसांतून पुरेसा ऑक्सिजन येण्याआधीच बारी संपते. मग बैल धापा टाकतो तो कशासाठी? उसने घेतलेले फेडण्यासाठी. हे कर्ज फिटण्याआधी त्याला पुन्हा जुंपले, तर तो लंगडेल, अडखळेल किंवा पडेल. शर्यतींच्या नियमांत विश्रांतीची अट आहे ती याचसाठी, आणि ती कागदावर पाळली की स्नायूंत पाळली हे बैलाचा श्वासच सांगतो.

इथे मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. ऊन आणि उष्णता यांचा हिशेब करून पाहा. स्नायू खर्च केलेल्या ऊर्जेचा सुमारे चौथा भाग कामात लावतात, बाकीची उष्णता होते. आपल्या उदाहरणात एका बैलाचे काम ४५,००० ज्यूल, तर उष्णता सुमारे १,३५,००० ज्यूल. ४५० किलोच्या देहाचे तापमान एक अंश सेल्सिअस वाढवायला सुमारे १५,७५,००० ज्यूल लागतात. म्हणजे एका बारीने बैलाचे तापमान अंशाच्या दहाव्या भागाइतकेही वाढत नाही! आडाखा दुपटीने चुकला तरी पाव अंशाच्या आतच. मग बैल शर्यतीच्या दिवशी तापतो कशाने? टेंपोत उभ्याने केलेल्या प्रवासाने, एप्रिलच्या दुपारी उघड्या माळावर पाळीची वाट पाहण्याने, पाणी वेळेवर न मिळण्याने. बारा सेकंदांवर आपण इतके वाद घालतो, पण बैलाचे हाल व्हायचे असतील तर ते बहुधा उरलेल्या दहा-बारा तासांत होतात. एखादा मांडव आणि पाण्याचा टँकर यांनी जेवढे साधेल तेवढे मोठ्या भाषणांनी साधणार नाही.

रचनेचा मुद्दा मात्र खोटा नाही. घोडा एकाच बोटाच्या टोकावर, एका खुरावर धावतो. बैलाच्या प्रत्येक पायाला दोन बोटे, दुभंगलेला खूर. चिखलात आणि ढेकळांत हा खूर फार उपयोगी, कारण तो फाकतो. भरधाव वेगात कठीण जमिनीवर मात्र तोच घसरण्याचा धोका. शिवाय बैल रवंथ करणारा. त्याच्या पोटाचा पहिला कप्पा शंभर लिटरहून अधिक मावेल एवढा असतो. ते आंबवणाचे पिंप घेऊन त्याला पळावे लागते. म्हणून बैल पळूच शकत नाही असे नाही. वाघापुढे सारेच पळतात. खिल्लार जात तर अंगाने सडपातळ, पायाने लांब आणि चपळ म्हणूनच नावाजलेली आहे. पण थोड्या अंतराची धाव आणि तीही मऊ मातीवर, एवढीच त्याची मर्यादा. नियमांनी शर्यतीचे अंतर १,००० मीटरपेक्षा जास्त नको म्हटले आहे. आपल्या घाटांत ते त्याहून कितीतरी कमी असते, आणि चढामुळे शेवटी वेग आवरायलाही मदत होते. या बाबतीत जुन्या लोकांनी घाट चढाचा निवडला हे शहाणपणाचेच.

घाबरून, की सवयीने?

हा सगळ्यांत अवघड प्रश्न. बैल मूळचा शिकारी जनावरांचे भक्ष्य असणारा प्राणी. त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना, त्यामुळे जवळजवळ सगळीकडचे दिसते, फक्त ऐन पाठीमागचे नाही. न दिसणाऱ्या बाजूने आवाज आला की तो आधी पळतो आणि मग विचार करतो. शरीरात अॅड्रेनलिन उसळते, हृदय धडधडते, शेपूट उंच होते, डोळ्यांचे पांढरे दिसू लागते. बंदीपूर्वीच्या काळात काही ठिकाणी पराणीची आर टोचणे, शेपटी पिरगाळणे, विजेचा झटका देणे असे प्रकार होत, आणि न्यायालयापुढे ते मांडले गेले. शेपटीत मणके असतात. पिरगाळली की ते निखळू शकतात. हे करून पळवलेला बैल वेगवान नसतो, भेदरलेला असतो. आता काठी, चाबूक, पराणी, वीज या सर्वांना मनाई आहे आणि क्रूरतेला पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

गाडामालक म्हणतात, ‘आमचा बैल घोडी दिसली की आपणहून पळतो.’ विरोधक म्हणतात, ‘पूर्वीचा मार आठवतो म्हणून पळतो.’ पाव्हलॉव्हचा कुत्रा तुम्हांला आठवत असेल. घंटेबरोबर अन्न मिळत गेले की नुसत्या घंटेनेही त्याच्या तोंडाला पाणी सुटे. घोडी ही बैलासाठी अशीच घंटा होऊ शकते. पण सवय खुराकाने लागते तशी वेदनेनेही लागते, आणि बाहेरून दोन्ही धावा सारख्याच दिसतात! मग भेद कसा ओळखायचा? बारी सुरू होण्याआधी पाहून. बैल स्वतःच्या पायांनी जागेवर येतो की ओढत आणावा लागतो? उभा असताना रवंथ करतो का? (भेदरलेले जनावर रवंथ थांबवते.) वारंवार पातळ शेण टाकतो का? प्रयोगशाळेत याहून पुढे जाता येते. ताण वाढला की कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते आणि ते लाळेत किंवा शेणातही मोजता येते. सुई टोचावी लागत नाही. शर्यतीच्या दिवशी आणि घरी गोठ्यात असताना, असे एकाच बैलाचे दोन्ही नमुने घेतले तर वादाचा बराच भाग वाद राहणार नाही. मालकांनीच यात पुढाकार घ्यावा असे मला वाटते. ज्याचा बैल खरोखर हौसेने पळतो, त्याला मोजमापाची भीती कशाला?

बैल राहील का?

शर्यतीच्या भवितव्याइतकेच बैलाचे भवितव्यही डळमळीत आहे. पशुगणनेचे आकडे पाहा. २०१२ साली देशात गोवंशातील नर सुमारे ६ कोटी ७९ लाख होते. २०१९ साली ४ कोटी ७४ लाख उरले. गायी मात्र वाढल्या. कारण उघड आहे. ऊस, टोमॅटो, कांदा यांच्या शेतात आता ट्रॅक्टर आहे, आणि गोठ्यात दुधासाठी संकरित गायी आहेत. याच जिल्ह्यात उरुळीकांचनला मणिभाई देसाई यांनी १९६७ साली ‘बाएफ’ ही संस्था सुरू केली आणि कृत्रिम रेतनाने संकरित गायी खेडोपाडी पोचल्या. दूध वाढले. पण संकरित खोंडाला वशिंड जेमतेम, जू नीट बसत नाही, ऊनही सोसत नाही. आता तर कालवडीच जन्माव्यात म्हणून निवडलेल्या रेतमात्राही मिळतात.

शर्यतीमुळे खिल्लार टिकते, हा गाडामालकांचा युक्तिवाद मला अर्धा पटतो. पळणाऱ्या खोंडाला चांगली किंमत येते, म्हणून माणदेशातला शेतकरी खिल्लार गाय सांभाळतो, हे खरे. पण सगळ्यांनी दोन-चार नावाजलेल्या वळूंचीच पैदास मागितली तर जात दिसायला टिकते आणि आतून विविधता घटते. आणि जो खोंड तेरा सेकंदांच्या वर राहिला, त्याचे काय? त्याच्यासाठी कोणी ध्वनिक्षेपक लावत नाही.

रोगाची बाजूही विसरू नका. सप्टेंबर २०२२ मध्ये लंपी त्वचारोगामुळे राज्यात जनावरांचे बाजार आणि शर्यती थांबवाव्या लागल्या. हा देवीच्या कुळातील विषाणू माश्या, डास, गोचिडे यांच्यामार्फत पसरतो. गुरांना शेळ्यांच्या देवीची लस टोचून साथ आवरावी लागली. एका घाटात अनेक तालुक्यांतले बैल जमतात आणि संध्याकाळी आपापल्या गोठ्यात परततात, म्हणजे रोगाला आयतीच गाडी मिळते. कानातल्या बारा अंकी बिल्ल्यावरून लसीची नोंद तपासल्याखेरीज बैल घाटात येऊ न देणे, हा यावरचा साधा उपाय.

पुढच्या यात्रेत तुम्हीही थोडे शास्त्रज्ञ होऊ शकता. सोबत वही आणि सेकंदकाटा असलेले घड्याळ घ्या. सावलीत निवांत उभ्या असलेल्या बैलाची कूस मिनिटाला किती वेळा वरखाली होते ते मोजा. साधारण १५ ते ३० येईल. तोच बैल बारी करून आला की पुन्हा मोजा, आणि मग दर पाच मिनिटांनी, आकडा पहिल्यासारखा होईपर्यंत. तेवढी मिनिटे म्हणजे त्या बैलाला लागणारी खरी विश्रांती. आलेखकागदावर आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर श्वास मांडा. सकाळच्या आणि दुपारच्या बारीचा आलेख वेगवेगळा काढा. मालकाला आधी विचारा, बैलाच्या बाजूला चार हात अंतरावर उभे राहा आणि काही झाले तरी त्याच्या पाठीमागे जाऊ नका.